अडाणी कुणाला म्हणायचं

23 जून 2016 ला मी ब्रिटनने युरोपीय संघात राहावं म्हणून मत दिलं. उद्या पुन्हा सार्वमत झालं तरी माझी फुली तिथेच पडेल. बाहेर पडण्यात या देशाचं नुकसान आहे असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. पण त्या निकालाचं खापर मी ज्यांच्या माथी फोडलं, त्यांच्याविषयीचं माझं मत पार बदललं आहे.

निकाल लागला 51.9 विरुद्ध 48.1 टक्के. आम्ही तेव्हा लंडनच्या हॅरो भागात राहायचो. ऑफिसात, शाळेच्या फाटकाशी, आम्हा मराठी मंडळींच्या घरी जेवताना एकच ऐकू यायचं: उत्तरेतल्या अडाणी, बेकार गोऱ्यांनी देश बुडवला. मीही हेच बोलत होते, तावातावाने. सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या, शाळा अर्धवट सोडलेल्या लोकांच्या हाती असला निर्णय द्यायलाच नको होता, इथपर्यंत माझी मजल गेली. त्यामागे भीतीही होती. मतदानाच्या आठवडाभर आधी जो कॉक्स या खासदार बाईंचा भर रस्त्यात खून झाला होता. निकालानंतर परक्या दिसणाऱ्यांना 'परत जा' असं तोंडावर सुनावल्याच्या बातम्या येत होत्या. ती भीती खरी होती, त्यातलं काहीही मी मागे घेत नाही.

पुढे नोकरीसाठी आम्ही स्टोक-ऑन-ट्रेंटला आलो. या शहराने 69.4 टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने दिली होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आजारातून उठलेल्यांना त्यांच्या घरी जाऊन व्यायाम शिकवते. त्यामुळे ज्या लोकांना मी नावं ठेवली, त्यांच्याच स्वयंपाकघरात बसायची वेळ आली.

त्यातले एक आजोबा उभी हयात चिनीमातीच्या कारखान्यात राबलेले. दिवाळीत मी त्यांच्यासाठी चकल्या नेल्या. त्यांनी चकल्या दुसऱ्या बशीत काढल्या, माझी बशी उलटी केली आणि खालचा शिक्का अंगठ्याने पुसून वाचला. स्टोकची माणसं कुठेही गेली तरी हे करतात, बशी आपल्या गावात भाजलेली आहे का ते बघतात. स्पोडचा कारखाना 2008 मध्ये बुडाला, पाठोपाठ 2009 मध्ये वेजवुडही. कोळशाच्या खाणी त्याच्या कितीतरी आधी बंद पडल्या होत्या. माझ्या बशीवर शिक्का परदेशातला निघाला. ते काही बोलले नाहीत. बशी पुसून परत दिली.

मत का दिलंत, असं मी त्यांना सरळ विचारलं. म्हणाले, "इथे कुणालाही मत दे, तोच पक्ष येतो, डक. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, माझं मत मोजलं जाणार." स्टोकमध्ये सगळ्यांनाच डक म्हणतात. मोजण्याबद्दल ते म्हणाले त्यात तथ्य होतं. स्टोक सेंट्रल ही जागा 1950 पासून मजूर पक्षाकडे होती, आणि 2015 च्या निवडणुकीत अख्ख्या देशात सर्वांत कमी मतदान तिथेच झालं होतं, जेमतेम निम्मं. वर्षभराने सार्वमताला मात्र शहरातले जवळजवळ दोनतृतीयांश मतदार मतदानाला आले. जे मतदानाला जायचंच सोडून बसले होते, ते का सोडून बसले हे आम्ही हॅरोवाल्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते आल्यावर मात्र आम्हाला राग आला.

पोलिश लोकांविषयी आजोबा जे बोलले ते मला मुळीच आवडलं नाही, आणि मी तसं त्यांना सांगितलं. तरी त्यामागचा इतिहास मला नंतर कळला. 2004 मध्ये पूर्व युरोपातले देश संघात आले. जर्मनीने आपली दारं 2011 पर्यंत बंद ठेवली, ब्रिटनने पहिल्या दिवशीच उघडली. सरकारकडचा अंदाज वर्षाला 5 ते 13 हजार माणसांचा होता. आली लाखो. त्यांनी कष्टच केले. पण ज्या गावांतल्या शाळांना, दवाखान्यांना आधीच पैसा पुरत नव्हता, तिथे 2010 नंतर उलट कपात झाली, आणि त्याचा जाब या नव्या शेजाऱ्यांना विचारला गेला.

मग मी आकडे पाहिले. ऑक्सफर्डचे भूगोलाचे प्राध्यापक डॅनी डॉर्लिंग यांनी निकालानंतर लगेच दाखवून दिलं होतं की बाहेर पडायला मत देणाऱ्यांत 59 टक्के मध्यमवर्गीय होते, आणि सर्वांत खालच्या दोन वर्गांतले फक्त 24 टक्के. कामगारांत बाहेर पडण्याकडे कल जास्त होता, हे खरंच. पण देशात मध्यमवर्ग मोठा आणि मतदानाला जातोही जास्त. दक्षिणेतल्या बागबगीचेवाल्या गावांनी बाहेर पडायला भरभरून मतं दिली, आणि त्यांना कुणी जाब विचारला नाही.

आमच्यातल्यांनाही नाही. राष्ट्रकुलातल्या नागरिकांना इथे मतदानाचा हक्क आहे, म्हणून भारतीय पासपोर्टवर मला मत होतं. कित्येक वर्षं इथे कर भरणाऱ्या माझ्या पोलिश सहकारिणीला नव्हतं. सरेमध्ये राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या डॉक्टरकाकांनीही बाहेर पडायला मत दिलं होतं. "पोलंडचा माणूस आज विमानात बसतो आणि उद्या कामाला लागतो, माझ्या भाच्याने मात्र कागदपत्रांची चळत घेऊन व्हिसासाठी खेटे घालायचे," असं ते आमच्याच घरी जेवताना म्हणाले. आम्ही माना डोलावल्या आणि त्यांना आमटी वाढली. तीच तक्रार, तीच फुली. आजोबांचा तो द्वेष ठरला आणि काकांचा तो मुद्दा ठरला, कारण काकांचं घर मोठं होतं, इंग्रजी सफाईदार होतं आणि ते आपले होते.

हे मला फार आधी कळायला हवं होतं. मी लालबागची. 1982 च्या संपानंतर बाबांची गिरणी पुन्हा धड चाललीच नाही. चाळीच्या गॅलरीत बाहेरून आलेल्यांच्या नावाने बोटं मोडलेली मी लहानपणापासून ऐकली आहेत. ते बोलणं चुकीचं होतं. पण बोलणारे कोण होते, त्यांच्या घरी त्या महिन्यात काय शिजत होतं, हे मला माहीत होतं, म्हणून त्यांना मी कधी माणसांतून उठवलं नाही. स्टोकमधलं कुणी माझ्या ओळखीचं नव्हतं.

दोष द्यायचाच तर आज माझं बोट वर जातं. स्वतःच्या पक्षातली भांडणं मिटवायला तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी साऱ्या देशाला हो-नाहीच्या प्रश्नावर उभं केलं. आठवड्याला 35 कोटी पौंड आपण युरोपला पाठवतो, असं बसवर रंगवून प्रचारवाले गावोगाव फिरले. परत मिळणारी सूट त्या आकड्यातून वजाच केलेली नव्हती. बस रंगवणारे चांगले शिकलेसवरलेले होते.

तुमचं पोलिश लोकांविषयीचं बोलणं मला पटत नाही, हे आजोबांना मी ओळखीच्या पहिल्या काही आठवड्यांतच सांगून टाकलं होतं. काकांना तेच सांगायला मला कितीतरी वर्षं लागली. गेल्या गणपतीत सांगितलं. ते चिडले, काकूंनी विषय बदलायचा प्रयत्न केला. मी बदलू दिला नाही.