जाहिरातीची मांडणी आणि घरचा जमाखर्च

हल्लीं सुशिक्षित घरांतील गृहिणी व तरुण मंडळी घरबसल्या दूरच्या गिऱ्हाइकांस माल विकूं लागलीं आहेत, ही गोष्ट आम्ही मोठ्या समाधानानें पाहात आहों. परंतु अ‍ॅमेझॉनसारख्या बाजारपेठेंत दुकान मांडणें जितकें सोपें, तितकें तेथें गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडणें सोपें नाहीं. त्यासाठीं जाहिरात द्यावी लागते, आणि त्या जाहिरातींत घरचा पैसा कोणत्या वाटेनें जातो हें पुष्कळांस कळतच नाहीं. त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वर्तमानपत्रांतील जाहिरातीस जागेचे पैसे पडतात. मग ती कोणी वाचो अथवा न वाचो. या नव्या पद्धतींत जाहिरात नुसती दिसण्याचे पैसे नाहींत. गिऱ्हाइकानें तीवर बोट ठेविलें, म्हणजे 'क्लिक' केलें, कीं पैसे पडले. मग त्यानें माल घेवो वा न घेवो. अमेरिकेंत गोटू डॉट कॉम या शोधयंत्रानें १९९८ सालीं ही पद्धत प्रसिद्धीस आणिली. गिऱ्हाईक जे शब्द शोधील त्यांवर विक्रेत्यांच्या बोल्या लागतात. एक प्रकारचा लिलावच तो. कोणत्या शब्दावर किती बोली लावावी, हा यांतला मुख्य प्रश्न.

आमच्या धाकट्या सूनबाई पितळेच्या समया, निरांजनें आणि उदबत्तीचीं घरें विकतात. त्यांनीं तिन्ही वस्तु एकाच 'कॅम्पेन'मध्यें घालून रोजचे तीनशें रुपये नेमून दिले होते. चार महिन्यांनीं हिशेब पाहतां शिल्लक जवळजवळ शून्य. आमचे थोरले चिरंजीव म्हणूं लागले, "हा उद्योग आतां बंद करावा." सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण दोन दिवस त्यांचें जेवणांत लक्ष नव्हतें. तेव्हां आम्हीं म्हटलें, "आधीं आंकडे पाहूं, मग निकाल देऊं."

पाहतां असें दिसलें कीं, बजेट हें कॅम्पेनला असतें, वस्तूला नव्हे. उदबत्तीच्या घरांवर क्लिक फार, विक्री थोडी. त्यांतच दुपारपर्यंत दिवसाचे पैसे संपत आणि संध्याकाळीं समईची जाहिरात दिसेनाशी होई. एकत्र कुटुंबांत किराणा, दूध व औषधें यांचा खर्च एकाच ओळींत लिहिला, तर गळती कोठें आहे हें कसें कळावें? म्हणून प्रत्येक वस्तूचें कॅम्पेन निराळें केलें.

पुढें शब्दांची निवड. न्यायशास्त्रांत लक्षणाचे जे दोष सांगितले आहेत, त्यांपैकीं अतिव्याप्ति व अव्याप्ति हे दोन्ही येथें भेटतात. 'ब्रास लॅम्प' हे शब्द 'ब्रॉड मॅच'नें घेतले कीं 'ब्रास टेबल लॅम्प' शोधणाराहि समईवर येतो, क्लिक करतो आणि परत जातो, ही अतिव्याप्ति. तेच शब्द 'एक्झॅक्ट मॅच'नें घेतले, तर 'ब्रास लॅम्प फॉर पूजा' असें लिहिणारें खरें गिऱ्हाईकहि बाहेर राहतें, ही अव्याप्ति. 'फ्रेज मॅच' हा या दोहोंमधला मार्ग.

यावर उपाय असा. प्रथम थोड्या पैशांचें 'ऑटोमॅटिक' कॅम्पेन चालवावें. त्यांत शब्द बाजारपेठच निवडते. कोणत्या शब्दांनीं विक्री झाली हें त्याच्या अहवालांत दिसतें. ते शब्द उचलून 'मॅन्युअल' कॅम्पेनमध्यें एक्झॅक्ट म्हणून, स्वतंत्र बोलीनें घालावे; आणि पहिल्या कॅम्पेनमध्यें त्यांस मज्जाव करावा, म्हणजे एकाच शब्दाचा हिशेब दोन ठिकाणीं विभागला जात नाहीं. 'टेबल'सारखे निरुपयोगी शब्द 'निगेटिव्ह कीवर्ड' म्हणून नोंदवावे. विधीइतकाच निषेधहि येथें महत्त्वाचा आहे.

बोली किती लावावी, हें साध्या गणितानें ठरतें. समजा, समई १,२०० रुपयांस विकली. पितळ, मजुरी, बाजारपेठेची दलाली व पाठवणी वजा जातां ३०० रुपये, म्हणजे शेंकडा २५ उरतात. एका क्लिकास ८ रुपये पडले आणि २५ क्लिकांमागें एक समई खपली, तर जाहिरातीस २०० रुपये गेले. पदरांत १०० पडले. तेच ५० क्लिक लागले, तर ४०० रुपये गेले. समई विकूनहि १०० रुपयांची खोट आली. विक्री झाली एवढ्यावर हुरळून जाऊं नये, तें यासाठीं.

महिन्याभरानें नव्या मांडणीचा हिशेब पाहिला. समया आपला खर्च भागवून पैसा उरवीत होत्या, निरांजनें बरोबरींत होतीं. सारी खोट उदबत्तीच्या घरांची होती. त्यांची जाहिरात तेवढी थांबविली, आणि उद्योग चालूं राहिला. थोरले चिरंजीवच आतां रविवारीं अहवाल घेऊन सूनबाईंजवळ बसतात. बोली मात्र रोज उठून बदलूं नये. आठ-पंधरा दिवसांचे आंकडे हातीं आल्यावर बदलावी.

घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच विनंती कीं, "धंदा बुडतो आहे" असें म्हणण्यापूर्वीं कोणती वस्तु आणि कोणता शब्द बुडवीत आहे, हें त्यांनीं विचारून पाहावें.