उडत्या शिडांचा समुद्र

वसईच्या एका निवृत्त फादरांकडे आम्ही काही जण लॅटिन वाचायला जात असू. व्हर्जिलच्या ‘ईनिड’चा पहिला सर्ग चालू होता. वादळातून वाचलेली सात जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली आहेत आणि ज्युपिटर आकाशाच्या माथ्यावरून समुद्र न्याहाळतो आहे. त्या समुद्राला विशेषण आहे ‘वेलिव्होलुम’.

“तुम्ही संस्कृत शिकलेले ना? मग सोडवा समास,” फादर म्हणाले.

‘वेलुम’ म्हणजे शीड, ‘व्होलारे’ म्हणजे उडणं. ‘वेलुम’चं मूळ अंग ‘वेलो’. समासात त्या ‘ओ’चा ‘इ’ होतो, जसा ‘अग्रिकोला’ (शेतकरी) या शब्दात. ‘व्होलुस’ हे उत्तरपद या अर्थानं एकटं येत नाही, आपल्या ‘खग’मधल्या ‘ग’सारखं. म्हणजे सरळ उपपद तत्पुरुष, शिडांनी उडणारा. ‘बेनेव्होलुस’, म्हणजे भलं चिंतणारा, यातलं ‘व्होलुस’ मात्र इच्छिणे या निराळ्या धातूचं.

जहाजाला हा अर्थ चपखल बसतो. व्हर्जिलच्या जन्माच्या बरंच आधी, इ.स.पू. १६९मध्ये वारलेल्या रोमन कवी एन्नियुसनं हा शब्द जहाजांनाच लावला होता. ‘नाविस’ स्त्रीलिंगी, म्हणून तिथे ‘वेलिव्होला’. ‘मारे’ नपुंसकलिंगी, म्हणून इथे ‘वेलिव्होलुम’. पण समुद्र कसा उडेल? विग्रहच बदलावा लागला: ज्यावर शिडं उडतात तो. बहुव्रीही झाला! किनाऱ्यावरच्या माणसाला एकेक जहाज उडताना दिसतं. ज्युपिटरच्या उंचीवरून सगळं पाणीच शिडांचं होऊन जातं. समासाचा प्रकार पालटतो तो पाहणाऱ्याच्या जागेमुळे, हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं. समुद्राला हे विशेषण देणारा व्हर्जिल पहिला नव्हे. आधीच्या एका कवीची तशी ओळ लॅटिन लेखक मॅक्रोबिअसनं नोंदवून ठेवली आहे. पण वरून पाहणाऱ्या देवाच्या नजरेशी ते जोडणं, हे मला व्हर्जिलचं मोठेपण वाटतं.

फादरांनी ओळ मोठ्यानं म्हणून दाखवली. ‘वेलिव्हो’ म्हणजे गुरू, लघू, लघू; आपला भगणच. पुढच्या ‘लुम’वर आवाज टेकतो आणि लगेच जमिनीचा उल्लेख येतो.

समास ग्रीकला शोभतात, लॅटिनला तितके नाहीत, असं रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन म्हणतो. हा शब्द ऐकल्यावर मला ते पटत नाही. आणि तो मेलेलाही नाही: इटालियन लेखक दानुन्झिओनं १९१०च्या कादंबरीत ‘वेलिव्होलो’ विमानासाठी वापरला आणि इटालियन भाषेत तो रुळला.