आगबोटीचें तिकीट काढण्यापूर्वीं

घरांतील वडील माणसांसह मुंबईहून लक्षद्वीपाकडे जलविहारास जाण्याचा बेत ज्या कुटुंबांत चालला असेल, त्यांस आमचें सांगणें असें कीं, भाड्याचा आंकडा मागाहून पाहावा. तेथें भोंवतीं प्रवाळाचें कडें व आंत उथळ पाणी. म्हणून मोठी आगबोट दूर खोल समुद्रांत उभी राहते, आणि उतारूंस लहान होडींतून किनारा गांठावा लागतो. हलत्या होडींत पाऊल टाकणें सत्तरीच्या आजीबाईंस झेपेल काय, याचा विचार घरींच व्हावा. लाटा मोठ्या असल्यास उतरणेंच रहित होतें. गोव्यास मात्र मुरगांवच्या धक्क्यावर थेट उतरतां येतें. गुडघे दुखणाऱ्यांनीं तोच मार्ग धरावा.

खोली घेतांना वरच्या मजल्याच्या मोहांत पडूं नये. बोटीच्या मध्यभागीं, खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. ज्यांस घाटांत मोटार लागते त्यांस बोटही लागावयाचीच! भाड्यांत बंदराचा आकार व कर धरले आहेत काय, बेत मोडल्यास किती रक्कम परत मिळते, हें लेखी घ्यावें. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला. आम्ही दिवाळीनंतरचेच दिवस पसंत करूं. कांदा-लसूण वर्ज्य असल्यास तिकीट काढतांनाच कळवावें. मोठें सामान धक्क्यावरच ताब्यांत घेतात, म्हणून ओळखपत्र, औषधें व आलेपाकाच्या चार वड्या हातच्या पिशवींत असूं द्याव्या.