वाढत्या अंगाचे

लहान मुलाची चड्डी बेतताना खाली चार बोटे कापड जास्त धरतात आणि आत दुमडून घालतात. मूल उंच झाले की दुमड उसवायची. पोर वाढणार, पुढचा हिवाळा येणार आणि तेव्हाही याच कपड्यावर भागवायचे आहे, हे सारे त्या चार बोटांत गृहीत असते. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये हे गृहीत धरायलासुद्धा धैर्य लागत होते.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला. लोकर, कातडे, कापड जर्मनीकडे वळू लागले. ब्रिटिश नाकेबंदीमुळे बाहेरचा कापूस आणि लोकर बंदरात येईना. रुबे आणि तूर्क्वँ ही लोकरीच्या गिरण्यांची शहरे तर ब्रसेल्सच्या जर्मन लष्करी अंमलाखाली गेली. १९४१ मध्ये कपड्यांनाही रेशनकार्ड आले. पैशांबरोबर पॉइंट द्यावे लागत, आणि तेवढे देऊन हाती यायचे ते बहुधा ‘फिब्रान’, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेल्या धाग्याचे, ओले झाले की बळ गमावणारे कापड.

मग आयांनी घरातलीच कपाटे उघडली. अठरा लाखांच्या आसपास फ्रेंच सैनिक युद्धकैदी झाले होते आणि त्यांतले बहुतेक जर्मनीतल्या छावण्यांत होते. त्यांचे कोट मात्र घरी खुंटीला होते. नवऱ्याच्या कोटाला कात्री लावताना हात अडखळला नसेल अशी बाई मला कल्पनेतही दिसत नाही. पण समोर मुलगा थंडीने कुडकुडत उभा असे.

कोट आधी शिवणीशिवणीने उसवायचा. दोराही टाकायचा नाही, गुंडाळून ठेवायचा. बाहेरची बाजू विटलेली, आतली अजून रंग धरून. म्हणून कापड उलटून बेतायचे. कोपरावरचा झिजलेला भाग टाळून बाह्यांतून लहानग्याची चड्डी निघे. उलटलेल्या कोटाचा छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे जाई, आणि जाणत्या नजरेला त्यावरून सगळे कळे. मुलांनी गुडघ्यांवरच चड्डी घालायची ही तिकडची जुनी रीत. ती कापड वाचवी, पण त्या वर्षांचे हिवाळे फार कडक होते. मग जुने स्वेटर उसवून, लोकरीच्या लडी धुऊन, ताणून वाळवून लांब मोजे विणले जात. शाळेत या सगळ्या ठिगळांवर काळा झगा येई. पायांत लाकडी तळव्यांचे जोडे.

याच सुईला पुढे एक वेगळे काम आले. ७ जून १९४२ पासून जर्मनव्याप्त भागातल्या सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यू व्यक्तीने छातीवर डावीकडे पिवळा तारा लावायचा, तोही पक्का शिवून, असे फर्मान निघाले. माणशी तीन तारे मिळत, आणि त्यांच्यासाठी कापडाच्या कार्डातला एक पॉइंट कापला जाई. पूर्व युरोपातून पॅरिसला आलेल्या कितीतरी ज्यू कुटुंबांचे पोट शिवणकामावर होते. ज्या हातांनी मुलाच्या अंगरख्याला नेटकी काजे केली, त्याच हातांना त्यावर तारा टाचावा लागला. १६ आणि १७ जुलैला फ्रेंच पोलिसांनी पॅरिस परिसरात १३,१५२ ज्यूंना पकडले. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. त्यांच्याही कपड्यांत वाढीची दुमड घातलेली असणार. त्या अन्यायाचे माप मला कुठल्याही आकड्यापेक्षा या एका गोष्टीत अधिक कळते.

१९४४ मध्ये देश मुक्त झाला, पण कापडाची टंचाई तशीच राहिली आणि आया शिवतच राहिल्या. थोरल्याची चड्डी धाकट्याला आली, मग तिचे ठिगळ झाले, शेवटी फडके. सैनिकांचे गणवेश संग्रहालयांत काचेआड जपले आहेत. घरी शिवलेले हे कपडे शेवटच्या धाग्यापर्यंत वापरले गेले, म्हणून फारसे उरले नाहीत. त्यांच्यामुळे एक पिढी थंडीतून तगली. त्या शिवणकामाला मी युद्धकाळातल्या मोठ्या कामांत मोजते, आणि ते करणाऱ्या बायांना त्या काळाच्या इतिहासात मानाची जागा मागते.