कासला रांग, माणकडं कोण?

पाव्हण्यांना कास दाखवायचं सोडून रविवारी मुद्दाम उलट्या दिशेला गाडी काढली. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड. जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अन् माणात पाचशेच्या आसपास! दहिवडीच्या पुढं नुसतं उघडं माळ, पिवळं कुसळी गवत. एक खोकड रस्ता ओलांडून गेलं. गाडी बंद करून बराच वेळ बघत बसलो. पाव्हणे म्हणाले, "हे तर राजस्थानच!"

कासला २०१२ मध्ये युनेस्कोचा मान मिळाला, आनंदच आहे. पण लांडग्या-खोकडाचं हे घर आपल्या लेखी 'पडीक'. पडीक म्हटलं की खड्डे काढून झाडं लावा, नाहीतर प्लॉट पाडा. मेंढरं कुठं चारायची, हे कुणी विचारतंय का?

आम्हाला बघून एक मेंढपाळ मामा जवळ आले. पहिला प्रश्न, "मोजणीला आलाय का, सायेब?"