ट्रॉलीतले बिऱ्हाड, वाट दीक्षाभूमीची

दसरा जवळ आला की आमच्या वाशीमकडच्या वस्तीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताडपत्री चढते. पीठ, ठेचा, वाकळा, सरपण, पाण्याचा ड्रम, सारे बिऱ्हाडच! १९५६ साली लोक पायी, बैलगाडीने नागपूरला पोचले, त्या मानाने आमची वाट सोपी. मंगरूळपीर, कारंजा, अमरावती, तळेगाव. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो, पण त्यावर ट्रॅक्टरला मज्जाव आहे.

पूर्वी बायापोरेही ट्रॉलीतच बसत. आता आम्ही बसू देत नाही. ट्रॉली मालासाठी असते. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उताराला मागचे ओझे ट्रॅक्टरलाच रेटते. जोडाची पिन निसटली तर? मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट आहे, पंच्याहत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांना तर फुकट. भीमगीते गात एकत्र जाण्याची मजा गेली, असे काही जाणती माणसे म्हणतात. तेही खरेच. पण गाणी एसटीतही होतात.

निघताना पिनेचा खटका, जोडीला साखळी आणि मागचे लाल रिफ्लेक्टर पाहतो. रात्री ट्रॅक्टर हाकत नाही, म्हणून ट्रॉली दोन दिवस आधी निघते. एसटीतून बाया उतरतात तेव्हा पुरुषांनी थापलेल्या जाडजूड भाकरी तयार असतात.