पाय थांबत नाहीत

तीनचाकी सायकल आपण सगळ्यांनीच चालवलेली असते. तिचे पॅडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायही फिरणारच. फिक्स्ड गिअर म्हणजे मोठ्यांसाठी तीच गंमत, फक्त चेन लावून मागच्या चाकावर आणलेली. साध्या सायकलीत फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी ती टिकटिकत पुढे जाते. इथे उतारावरसुद्धा पायांना सुट्टी नाही. वेग कमी करायला पायांनीच उलटा जोर द्यायचा.

माझी फिक्सी दादाची. तो पुण्याला नोकरीला गेला आणि ती माझ्याकडे आली. डांबरी रस्त्यावर झकास चालते. (कोठीचा ट्रॅफिक सोडून. तिथे सगळ्यांचीच वाहनं फिक्स्ड.) पण मला गंडिपेटकडच्या कच्च्या वाटांवर जायचं होतं, आणि तिथे दगड फार.

साध्या सायकलीवर दगड दिसला की दोन्ही पॅडल आडवे धरून निघून जाता येतं. फिक्सीवर एक पॅडल खाली जाणारच, आणि ते दगडावर आपटलं की मागचं चाक उचललं जातं. म्हणून आखूड क्रँक लावतात, १६५ मिलिमीटरची वगैरे. पुढे ३६ दाते आणि मागे २० असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण पावणेचार मीटर जाते. उतारावर ताशी ३० किलोमीटर वेग आला की पायांचे मिनिटाला १३० फेरे! तेव्हा पाय सुटला तर फिरतं पॅडल सरळ पोटरीवर बसतं. म्हणजे पाय बांधलेला हवा.

आई नर्स आहे, घोट्यांची प्लॅस्टरं रोज बघते. ती एवढंच म्हणाली, "पाय निघायला हवा गं. बाकी मला त्यातलं काही कळत नाही."

बांधलेला हवा आणि निघायलाही हवा! आता असे बूट शोधा.

रोड सायकलिंगच्या बुटांना तीन स्क्रूंची क्लीट असते, ती तळव्याबाहेर येते. खडकावर दोन पावलं चालणं मुश्कील. शिमानोने १९९० साली आणलेल्या एसपीडीत क्लीट दोन स्क्रूंची, तळव्यात खोल बसलेली, त्यामुळे चालता येतं. दादाचा आग्रह याच बुटांचा. पण सुटायला टाच बाहेर वळवावी लागते, तीही न थांबणाऱ्या पॅडलवर. शिवाय क्लीटमध्ये चिखल भरतो. आणि खरी अडचण म्हणजे माझा नंबर ४. मुलींच्या मापाचे सायकलिंग शूज मला कुठेच मिळाले नाहीत. सुलतान बाजारात चपला ढिगाने, पण एका दुकानदाराने विचारलंच, "सायकलां के वास्ते अलग जूते? पांव तो येइच हैं ना, अम्मा?"

शेवटी पॅडलवर रुंद पट्टे लावले आणि बूट घेतले मुलांच्या शाळेचे, काळे, वेल्क्रोचे. टाच आणि चवडा धरून वाकवून बघितले. तळवा बऱ्यापैकी कडक होता. लेस मुद्दामच नको होती. ती क्रँकमध्ये गुंडाळली गेली तर साध्या सायकलीवर आपण थांबतो, इथे पाय ओढला जातो. पट्टा मात्र इतकाच घट्ट, की पाय मागे ओढला की बाहेर.

दादा व्हिडिओ कॉलवर खूप हसला. पुढचा ब्रेक मी काढला नाही, यावरही हसला. हसू दे. रविवारी मिस्सालाही हेच बूट चालतात, ब्रशचे दोन हात मारले की झालं.

आता जुलै आहे. वाटेवर चिखल झालाय, आणि ओल्या पॅडलवर हा तळवा किती धरतो ते अजून बघायचंय.